चाकामागचं लिंबू

"बाबा, ब्रेक मीच काढला होता."

शलाकाने हे ताटावर मान खाली घालून सांगितलं आणि भाताच्या मुदीत बोटाने खड्डा करत राहिली. आमटी वाढायला वाकलेल्या उज्ज्वलाचा डाव पातेल्यातच थांबला.

मुकुंदने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, हातातला घास खाली ठेवला आणि मोठा श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी त्याच्या कपाळावरची आठी गेली.

"शाब्बास," तो म्हणाला. "एवढंच ऐकायचं होतं मला. झालं, संपलं. आता या घरात त्या विषयावर कुणी बोलायचं नाही."

"बघ, खरं सांगून टाकलं की कसं हलकं वाटतं," उज्ज्वला म्हणाली. तिने लेकीच्या भातावर आमटी वाढली आणि न मागता तूपही.

शलाका काही हलकी झालेली दिसत नव्हती. मी तिची आत्या. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे खरं बोलणारी आणि खोटं बोलणारी, दोन्ही प्रकारची मुलं पोत्याने पाहिली. कबुली देऊन सुटलेलं मूल आधी जेवतं, आणि दुप्पट जेवतं. हे मूल भातात खड्डे करत होतं.

"कसा काढलास गं?" मी विचारलं.

"आक्का!" मुकुंद म्हणाला.

"रागावत नाहीये मी तिला. शिकवणारीचा स्वभाव, कसं ते विचारल्याशिवाय राहवत नाही. उद्या रविवार आहे. सकाळी गाडीपाशी दाखवशील मला?"

शलाकाने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, हे काही त्या हलण्यावरून कळलं नाही.

ही गोष्ट फार जुनी. शलाका तेव्हा सहावीत होती. रत्नागिरीत आमचं घर उतारावर आहे. घरासमोरची चढण इतकी, की खालून नारळाची पिशवी घेऊन येणारा माणूस आमच्या फाटकाशी थांबून दम खातो आणि मग आपण कुणाकडे आलो ते आठवतो. त्या चढणीच्या कडेला मुकुंदची जुनी पांढरी गाडी उभी असायची. तिच्या मागच्या चाकाला नेहमी चिऱ्याचा एक तुकडा टेकवलेला असे. त्याला आमच्याकडे उटी म्हणतात. ही सवय आमच्या वडिलांची, अण्णांची. अण्णा एसटीचे ड्रायव्हर. सगळे घाट त्यांनी पायाखाली घातलेले. ते म्हणायचे, "उटी आधी, ब्रेक मग. ब्रेक माणसाने केलाय, दगड देवाने." अण्णा गेले, तरी मुकुंद गाडीतून उतरला की पहिल्यांदा चिरा लाथेने चाकाखाली सारायचा. हँडब्रेक तो ओढायचाच, पण तो आपला रीत म्हणून, जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवतात तसा.

दसऱ्याला उज्ज्वलाने गाडी धुतली. चाकंसुद्धा घासली. पूजेच्या वेळी तो शेवाळलेला, काळा पडलेला चिरा तिला कसातरीच दिसला. तिने तो उचलून बाजूला ठेवला, तिथे रांगोळी काढली आणि रिवाजाप्रमाणे चाकाशी लिंबं मांडली. पूजा झाली, की नारळ फोडून गाडी चालू करायची म्हणून मुकुंदने गिअर काढून ठेवला होता. हँडब्रेक मात्र त्याने स्वतः ओढला होता. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

शलाका झेंडूची माळ घेऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसली. स्टिअरिंगला माळ बांधायचं काम दरवर्षी तिचंच. तिने दार धाडकन ओढून घेतलं, आणि गाडी हलली. लिंबं चिरडल्याचा आवाज मला आजही आठवतो. मग गाडी पाठमोरी उतरत गेली आणि खालच्या वळणावर मयेकरांच्या कुंपणाचा दगडी गडगा फोडून थांबली.

शलाकाला खरचटलंसुद्धा नाही. पण गडग्याचे दगड जिथे कोसळले, तिथे तात्या मयेकरांची खुर्ची होती. तात्या सकाळची सगळी वर्तमानपत्रं त्या खुर्चीत बसून वाचत. खुर्चीचे दोन तुकडे झाले. तात्या नुकतेच चहाला आत गेले होते.

मुकुंद धावत खाली पोचला तेव्हा गाडीत हँडब्रेकचा दांडा वर ओढलेला होता आणि शलाका तो दोन्ही हातांनी गच्च धरून बसली होती. "मी हात नव्हता लावला, गाडी आपोआप गेली, मग मी ओढला," एवढंच ती सांगत होती. पण ओढलेल्या ब्रेकची गाडी आपोआप कशी जाईल? सगळ्यांनी एकच अर्थ काढला. पोरीने खेळता खेळता ब्रेक काढला, आणि घाबरून पुन्हा ओढला. मुलंच ती.

कुणी तिला मारलं नाही, कुणी ओरडलं नाही. तिचं वाईट झालं ते तिथेच. मुकुंद रोज शांतपणे म्हणायचा, "झालं ते झालं. फक्त खरं सांग. खरं सांगितलंस की संपलं." तात्या तर येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायचे, "मला वरून बोलावणं आलं होतं, पण मी म्हटलं, चहा घेऊन येतो!" लोक हसायचे. शलाकाने शाळेची वाट बदलली. मयेकरांच्या घरावरून न जाता ती मागच्या पायऱ्यांनी, पार वळसा घालून जाऊ लागली. एकदा मी तिला विचारलं, तर म्हणाली, "तिकडे सावली असते." त्या वाटेवर झाड नाही.

आणि मग त्या शनिवारी, जेवताना, ती म्हणाली, मीच काढला होता.

सकाळी आम्ही दोघी गाडीपाशी गेलो. मागचा चेपलेला पत्रा गॅरेजमधून नीट होऊन आला होता. बाकी गाडीला कुणी हात लावलेला नव्हता. कशाला लावतील? दोष कुणाचा ते ठरलं होतं. चिरा पुन्हा आपल्या जागी होता.

"बस," मी म्हटलं. "आणि दाखव, कसा काढलास."

ती बसली. वर ओढलेला दांडा तिने पकडला आणि सरळ खाली दाबला. दांडा हलेना. तिने दोन्ही हातांनी जोर केला. मग ती रडवेली झाली.

"असाच काढला होता?"

"असाच काढला असेल."

"असेल म्हणजे?"

दांड्याच्या टोकाला बटण असतं, दांडा जरासा उचलून ते दाबल्याशिवाय ब्रेक सुटत नाही, हे तिला माहीतच नव्हतं. पण मी तेव्हा तसं म्हटलं नाही. एका गोष्टीवरून निकाल लावायचा नाही, हे मी वर्गात इतकी वर्षं सांगत आले होते. आणि मुलांची समजूत बोलून घातली, की ती फार तर संध्याकाळपर्यंत टिकते.

"शलाका, तू काढलास की नाही, ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "तुलाही आता नक्की आठवेनासं झालंय. आपण गाडीलाच विचारू या."

"गाडीला?"

"ती कुणाची बाजू घेत नाही."

उतारावर जॅक लावता येत नाही. गाडी सपाटीवर हवी, आणि सपाटी म्हणजे आमचं खळं, घरापुढचं सारवलेलं अंगण. उज्ज्वलाने पावसाळा संपल्यावर नुकतंच नवं खळं घातलं होतं, सारवून आरशासारखं केलं होतं.

"वन्सं, माझ्या खळ्यात गाडी?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, मी कावळ्याला उतरू देत नाही तिथे!"

"चाकांची वळं उठली तर मी स्वतः सारवून देईन."

"तुम्ही सारवणार! तुमचं सारवण मला माहितेय, जगाचा नकाशा दिसतो त्यात." पण तिने लेकीकडे पाहिलं आणि बाजूला झाली. "हळू आणा म्हणावं त्यांना."

मुकुंदने गाडी आणून दिली आणि कुरकुरत आत गेला. "कबूल केलंय तिने. आता कशाला उकरून काढतेस, आक्का?"

"ब्रेक तपासून घेतेय. घरच्या घरी होण्यासारखं काम आहे. अण्णा करायचे, तेव्हा पाना मीच धरायचे."

जमीन मऊ, म्हणून जॅकखाली फळी हवी. शलाकाने स्वयंपाकघरातला जुना पाट आणला. आतून आवाज आला, "बसायचा पाट गेला, आता जेवायला गाडीलाच बोलवा!" शलाकाच्या ओठांची एक कड हलली. दसऱ्यानंतर मी ती पहिल्यांदा हललेली पाहिली.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी चिरे लावले. "जॅकवर चढवलेल्या गाडीखाली काय घालायचं?" मी विचारलं.

"काय?"

"काहीच नाही. हातसुद्धा नाही. आपलं सगळं काम बाहेरून आणि आतून आहे."

मागचं एक चाक उचललं, तसं ते जमिनीपासून सुटून अधांतरी राहिलं. मी आत बसून बटण दाबलं, दांडा खाली केला. शलाका माझा हात बघत होती. ते बटण तिने पाहिलं.

"फिरव चाक."

तिने फिरवलं. गरगर फिरलं.

"आता तू ब्रेक ओढ. पूर्ण. आणि मग पुन्हा चाक फिरव. काय व्हायला हवं?"

"फिरायला नको."

तिने दांडा ओढला. टक, टक, टक. आवाज संपेचनात. दांडा उभा झाला, आणखी वर गेला, तेव्हा कुठे थांबला. ती उतरून मागे आली, टायरला हात घातला आणि जोर लावला. चाक जरा कुरकुरलं आणि फिरलं.

ती माझ्याकडे बघायला लागली.

"आत्या, मी नीट ओढला नाही वाटतं. माझंच चुकलं."

चाक डोळ्यांसमोर फिरतंय, आणि मुलीला पहिली शंका स्वतःचीच येते.

"मुकुंद!" मी हाक मारली. "जरा बाहेर ये. ब्रेक ओढायला पुरुषाचं बळ हवंय."

तो टॉवेलने हात पुसत आला. "तुला न ओढता यायला काय झालं?" म्हणत तो आत बसला, दांडा पार खाली करून पुन्हा वर ओढला, अगदी खांद्यातून. सीट करकरली.

"लागला?" मी विचारलं.

"लागणार नाही तर काय! याच्यापेक्षा वर जागाच नाही."

"दसऱ्याला असाच ओढला होतास?"

"असाच. रोज असाच ओढतो."

"आता तिथूनच मागे वळून बघ. शलाका, फिरव."

शलाकाने दोन्ही हात टायरवर ठेवले. क्षणभर ती थांबली. मग तिने फिरवलं. चाक फिरलं. तिने पुन्हा फिरवलं. मग थांबलीच नाही. सहावीतली मुलगी, मनगटं भेंडीएवढी, आणि ओढलेल्या ब्रेकवर ती चाक फिरवत होती.

मुकुंद गाडीतून उतरला. चाकापाशी उकिडवा बसला. त्याने स्वतः फिरवून पाहिलं, एकदा एका हाताने, एकदा नुसत्या बोटांनी. आणि तसाच खळ्यावर खाली बसला, धुतलेल्या लेंग्याची पर्वा न करता.

"ब्रेकची तार सैल झालीय," मी म्हटलं. "आजची नाही, बऱ्याच दिवसांची. सपाटीवर धरत असेल थोडंफार, पण जरा हिसका बसला की सुटणार. उतारावर चिरा धरत होता, आणि आपल्याला वाटत होतं, ब्रेक धरतोय."

"दसऱ्याला चिरा काढला," उज्ज्वला दारातून हळूच म्हणाली. "मीच काढला. लिंबू ठेवलं."

मुकुंद लेकीकडे बघत होता. तो म्हणाला, "शलाका, दसऱ्याला तू मला काय म्हणाली होतीस? परत सांग."

"मी हात लावला नव्हता."

"आणि काल?"

शलाकाने टायरवरचे हात काढले. तळवे काळे झाले होते. ते बघत ती म्हणाली, "तुम्ही म्हणायचात ना, खरं सांगितलं की संपलं. मला संपवायचं होतं."

मुकुंदने मान दुसरीकडे वळवली. मग त्याने तिला जवळ ओढलं, तिचे दोन्ही काळे तळवे आपल्या पांढऱ्या सदऱ्यावर ठेवले आणि वरून आपले हात दाबून धरले. उज्ज्वला एरवी सदऱ्यावरून ओरडली असती. ती पदराने डोळे टिपत आत गेली आणि उगाच भांडी वाजवू लागली.

"आता हा नीट कसा करायचा?" थोड्या वेळाने शलाका नाक ओढत म्हणाली.

"तू करायचास," मी म्हटलं. "मी सांगेन, बाबा चाक फिरवेल."

दोन सीटच्या मधलं झाकण तिने स्क्रू काढून उचललं. दांड्याच्या मुळाशी तार येते, आणि तिच्या टोकाला नट असतो. तो पिळला की तार ताणते. मी पाना तिच्या हातात दिला. पहिल्यांदा तिने इतका पिळला, की दांडा खाली असतानाच चाक जाम झालं.

"फिरत नाहीये," मुकुंद ओरडला.

"छान ना?" ती म्हणाली.

"छान कसं? ब्रेक न ओढताच धरून बसला, तर गाडी चालेल कशी? सोड थोडा."

तिने थोडा सोडला. मग जास्तच सोडला. पुन्हा पिळला. मी घाई केली नाही. दांडा खाली असताना चाक मोकळं फिरलं पाहिजे, आणि थोड्या टकटकीत घट्ट धरलं पाहिजे. या दोन टोकांच्या मधली जागा तिची तिलाच सापडायला हवी होती. अखेर तिने दांडा ओढला. टक, टक, टक, टक. थांबला. मुकुंदने चाकाला दोन्ही हातांनी हिसका दिला. गाडी हलली, चाक नाही.

दुसरं चाकही उचलून तसंच पाहिलं. मग नट ढिला होऊ नये म्हणून त्याच्यावरचा दुसरा नट आवळून झाकण बसवलं.

"आता खरी परीक्षा," मी म्हटलं. "चढणीवर. चिऱ्याशिवाय."

"चिऱ्याशिवाय नको," शलाका घाईने म्हणाली.

"बरं. चिरा ठेवू, पण चाकाला टेकवायचा नाही. वीतभर मागे. गाडी सरकली तर तो धरेलच. पण सरकली की नाही, हे आपल्याला कळायला हवं. मध्ये काय ठेवू या?"

तिने विचार केला. मग घरात पळाली आणि लिंबू घेऊन आली.

गाडी चढणीवर उभी केली. गिअर काढला. चाकाला अगदी चिकटून लिंबू, त्याच्यामागे चिरा. एवढ्यात खालून तात्या मयेकर आले. खळ्यातली खटपट आणि आमचा आरडाओरडा त्यांनी ऐकला असणार. मुकुंदने त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं. त्यांची ती थट्टा त्यांना आठवली असावी, कारण या वेळी ते हसले नाहीत. मग खाली जाऊन आपल्या अंगणातून नवी खुर्ची घेऊन आले आणि नव्याने रचलेल्या गडग्यापाशी, त्यांच्या त्याच जागेवर, आमच्या गाडीकडे पाठ करून बसले. वर्तमानपत्र उघडलं.

"तात्या, जरा बाजूला बसा," मुकुंद म्हणाला.

"का म्हणून?" तात्या न वळता म्हणाले. "ब्रेक शलाकाने केलाय ना? मग मी इथेच बसणार. काय गो, ओढ तुझा ब्रेक."

शलाका ड्रायव्हरच्या जागेवर बसली. मुकुंदने बाहेरून दार धरलं होतं. तिने दांडा ओढला. टक, टक, टक, टक. "आता सोडा," ती शेजारी बसलेल्या मला म्हणाली, कारण पायातला ब्रेक मी वाकून हाताने दाबून धरला होता. मी सोडला.

गाडी किंचित दबली, पाट सरकवून बसणाऱ्या माणसासारखी, आणि थांबली. थांबलीच. मुकुंदने बॉनेटला खांदा लावून मागे ढकलून पाहिलं. उज्ज्वला आली, तिनेही ढकललं. गाडी जागची हलली नाही. शलाका उतरली, मागे गेली आणि गुडघ्यांवर बसून बघू लागली.

"अख्खं आहे!" ती ओरडली. "लिंबू अख्खं आहे!"

तात्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "मला आधीच माहीत होतं," ते म्हणाले. पण घाम पुसायला त्यांनी रुमाल काढलेला मी पाहिला.

शलाकाने चिरा पुन्हा चाकाला टेकवला, अण्णांच्या रीतीने. मग लिंबू उचलून फ्रॉकला पुसलं आणि आईच्या हातात दिलं. "सरबत कर."

"अगं, चाकाखालचं लिंबू खात नाहीत," उज्ज्वला म्हणाली.

"चाकाखाली गेलंच कुठे ते?" तात्या खुर्चीतून म्हणाले.

उज्ज्वला विचारात पडली. मग हसली आणि आत गेली.

एका लिंबात पाच माणसांचं सरबत, म्हणजे साखरपाणीच ते. पहिला पेला शलाका घेऊन निघाली. मागच्या पायऱ्यांनी नाही. सरळ चढण उतरून, हातातलं सांडू न देता, ती मयेकरांच्या गडग्यापाशी गेली आणि तात्यांपुढे उभी राहिली.